खुनी सापडलाच पाहिजे

गुन्हेकथेला सध्या बरे दिवस आले आहेत, असं मला कुणी ना कुणी सारखं सांगत असतं. आले असतील. मी बारामतीत कालव्याच्या बाजूच्या घरात बसून टीव्हीवरच्या गुन्हे-मालिकेचे भाग लिहिते, आणि मला फक्त थकवा आला आहे. एक भाग म्हणजे एक खून. पूर्वी शाळेत मराठी शिकवता शिकवता वर्षाकाठी एखादी रहस्यकथा लिहायचे, तेव्हा मेलेल्या माणसाबद्दल थोडं तरी वाईट वाटायचं. तो चहात साखर किती घ्यायचा, कुणावर चिडायचा, हे ठरवल्याशिवाय मी त्याला मारत नसे. आता रोज मरे त्याला कोण रडे.

मालिकेची मुंबईची मंडळी मला संगणकाच्या पडद्यावर भेटतात. माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची, हुशार, मला मॅम म्हणणारी पोरं आहेत. मध्यंतरी त्यांना मोबाइल उभा धरून बघायचे दीड मिनिटाचे भाग हवे होते. दीड मिनिटात माणूस धड मरतसुद्धा नाही. त्याआधी प्रत्येक गोष्टीत एक महिला इन्स्पेक्टर लागायची, नवऱ्याशी न पटणारी आणि झोप न लागणारी. माझ्या जुन्या कादंबऱ्या आता लोक कानांनी ऐकतात. एक नट त्या इतक्या खर्जात वाचतो, की गोष्टीत पोस्टमन आला तरी वाटतं, हाच तो. यंदा गावाकडची लाट आहे. 'थोडं रूटेड द्या ना, मॅम. तुमच्याकडे ऊस आहे, उजनीचं पाणी आहे.' म्हणजे उसात प्रेत आणि वरून ड्रोन. आमच्या उसात साप निघतात, रानडुकरं निघतात. प्रेतं माझ्यासारखे लोक पुरवतात.

एक नियम मात्र कधी बदलला नाही. शेवटी खुनी सापडलाच पाहिजे, आणि तो जवळचाच निघाला पाहिजे. परका निघाला तर प्रेक्षकांना फसवल्यासारखं वाटतं म्हणे.

अशाच एका दुपारी एक बाई दारात आली. डाळजची होती. हायवेला तिचं आणि तिच्या नवऱ्याचं कटलरीचं दुकान आहे, बांगड्या, टिकल्या, पिना, प्लास्टिकची खेळणी असं सगळं. माल भरायला ती बारामतीला येते, आणि ज्याच्याकडून माल घेते त्या दुकानदारानं तिला माझा पत्ता दिला होता. मला संध्याकाळपर्यंत एक खून पाठवायचा होता, त्यामुळे मी जरा तुटकपणेच 'बसा' म्हणाले. ती सोफ्याच्या कडेवर बसली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि सरळ विषयालाच हात घातला.

"टीव्हीवरचं खुनाचं तुमीच लिवता न्हवं?"

"हो, मीच."

"मग माझ्या भावाचं लिवा."

भाऊ तिच्याहून धाकटा. आईबाप लवकर गेले, हिनंच त्याला वाढवलं. त्यानं लग्न केलं नाही, आईबापांच्याच घरात बहीण-मेव्हण्याबरोबर राहायचा. दुकानातला माल मोपेडवर बांधून आठवडी बाजार करायचा, कधी मोरगाव, कधी सुपं. चार वर्षांपूर्वी तो सुप्याच्या बाजाराला गेला. मोपेड बाजारतळावर सापडली, माल तसाच बांधलेला. तो नाही. पोलिसांत मिसिंगची तक्रार दिली. त्यांनी विहिरी बघितल्या, दवाखाने बघितले. हिनं दर्ग्यावर चादर चढवली. काही कळलं नाही.

"पोलिसांव माझा राग न्हाय," ती म्हणाली. "त्यांनी शोधलं की. पर टीव्हीवर आलं की सापडतंच. मी एक भाग चुकीवला न्हाय, ताई. एकबी खुनी सुटल्याला न्हाय."

मी तिला समजावलं. की बाई, यातलं बरंचसं आम्ही मनानं रचतो. मेलेला नट असतो, मारणारा नट असतो, पोलीसही नटच असतात. कॅमेरा बंद झाला की सगळे एकत्र जेवतात. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की दुकानदार जसा ऐकून घेतो, तशी ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सुरवातीला पाटी येती की. सत्य घटनेवर आधारित." पाटी आमचीच होती.

"त्याच्यासारका दिसनारा घ्या," उठताना ती म्हणाली. "चार माणसांत बसला की अंगठ्याचं नख खायचा. तेवढं त्या नटाला सांगा. म्हंजे कुनी कुठं बघितला आसंल तर वळखंल."

जाताना तिनं डझनभर हिरव्या बांगड्या टीपॉयवर ठेवल्या. मला बांगड्या घालायची सवय नाही, तरी मी त्या परत देऊ शकले नाही.

तो नख खाणारा माणूस काही डोक्यातून जाईना. पुढच्या बैठकीत मी ती बाई माझ्याकडे आल्याचं सांगून विषय काढला. म्हटलं, एकदा तरी असा भाग करू, ज्याला शेवट नाही. एक माणूस बाजाराला गेला आणि आला नाही. बहीण वाट बघते. बस, एवढंच. पडद्यावरचे सगळे चौकोन गप्प झाले. मला वाटलं, पटलं यांना. मला फार बरं वाटलं, कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं.

मग एकानं विचारलं, "मॅम, घर कुणाच्या नावावर आहे?"

"दोघा बहीणभावांच्या."

"मग बहीणच ना! ब्रिलियंट! तीच लेखिकेकडे मदत मागायला येते, म्हणजे शेवटपर्यंत संशयच नाही."

सगळे चौकोन एकदम बोलायला लागले. ड्रोन कुठून उडवायचा इथपर्यंत गाडी गेली. मी कॅमेरा बंद केला आणि विषय मागं घेतल्याचं कळवून टाकलं. त्यावर उत्तरादाखल एक हसरा पिवळा चेहरा आला.

त्या बाईला फोनवर नाही म्हणणं मला जमेना. भिगवणला एसटीनं गेले, तिथून वडापची जीप धरली. भिगवणला थंडीतले पक्षी बघायला आलेल्या पुण्याच्या गाड्यांची ही रांग. जीपमध्ये मी दोन पोत्यांमध्ये अवघडून बसले होते, आणि सगळ्या जगाचा राग येत होता. त्या पोरांचा, पक्ष्यांचा, त्या बाईचासुद्धा. कुणी सांगितलं होतं हिला माझ्याकडे यायला?

दुकानात तिचा नवरा एका गिऱ्हाइकाला टिकल्यांची पाकिटं दाखवत होता. त्यानं आत हाक दिली. तिनं मला मागच्या खोलीत नेलं, चहाचं आधण ठेवलं, आणि मी बोलायला सुरुवात केली. नमनाला घडाभर तेल घातलं. चॅनेलचं असं असतं, प्रेक्षकांचं तसं असतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी एकदाचं बोलून टाकलं.

"त्यांना शेवटी खुनी लागतो. आणि तो घरातलाच लागतो."

"म्हंजे मी?"

मी मान खाली घातली. ती चिडली असती तर बरं झालं असतं, मला शिव्या खाऊन घरी जाता आलं असतं. तिनं चहा गाळला, कप माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "मग करा की मलाच."

"अहो, काय बोलताय? गावात लोक काय म्हणतील?"

"लोक म्हनत्यातच की. तोंडाव न्हाय म्हनत, मागनं म्हनत्यात. घरापायी बहिनीनंच काटा काढला म्हनून. तुमच्या टीव्हीत रोजच दावत्यात, जवळचंच मानूस आसतंय. आता समद्यांस्नी म्हाईत झालंय."

ती टोमणा मारत नव्हती. शेजारीण कुठल्या गिरणीत दळण देते हे सांगावं इतक्या साध्या आवाजात तिनं ते सांगितलं. मला तिथं बसवेना आणि उठताही येईना. या गावातल्या घराघरांत जे बोललं जात होतं, ते मी बारामतीत बसून लिहिलेलं होतं.

"माझी काय बी हरकत न्हाय, ताई," ती म्हणाली. "कुठं म्हनाल तितं सही करून देते. मालकबी न्हाय म्हननार न्हाईत. मला खुनी करा. फकस्त त्यो मेलाय आसं तेवढं दावू नका."

इतकी वर्षं मी खून लिहिते आहे. कुणी मेलेलंच नसताना खुनी कसा दाखवायचा, हे मला येत नव्हतं. आणि ती समोर बसून, मी हो म्हणण्याची वाट बघत होती.