गढूळ खार

माझी भावजय चांगली आहे, हेच माझं दुखणं. वाईट असती तर चारचौघींत तिच्या नावानं बोटं तरी मोडली असती.

आम्ही वारली. चांदीपच्या आमच्या पाड्यावर केळीचे सोप, म्हणजे खोडाची सालं, वाळवून जाळायचे, ती राख तळाला भोक पाडलेल्या मडक्यात पेंढ्यावर भरायची आणि वरून पाणी सोडायचं. खाली थेंब थेंब पडतो तो खार. मिठाऐवजी आमटीत, भाजीत तोच. आता सगळ्यांकडे पिशवीतलं मीठ आलंय. खार निघतो तो फक्त आमच्या घरी, आईच्या जिभेसाठी.

लहानपणी मला धीर नसायचा. थेंब लवकर पडावेत म्हणून मी अंगठ्यानं राख दाबायची. खार गढूळ उतरायचा आणि आई पाठीत धपाटा घालायची. पुढे मी आश्रमशाळेत गेले, शिक्षिका झाले, मनवेलपाड्याला फ्लॅट घेतला. मडक्यापाशी माझ्या जागी भावजय बसली. तिचा खार अगदी नितळ. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "हिचे हाताला गुन हाय." माझ्या नोकरीचं असं कौतुक तिनं कधी कुणाजवळ केलेलं मी ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी गेले. आईला आता दिसत नाही, जेवणही दोन घासांवर आलंय. भावजय पाणी भरायला गेली होती. मडकं ठिबकत होतं. मी दाराकडे पाहिलं आणि अंगठ्यानं राख दाबली. एकदा नाही, तीनदा. पन्नाशीला आलेली बाई मी.

भावजय परतली. तिनं वाटीतला खार पाहिला, राखेनं माखलेला माझा अंगठा पाहिला. त्याच खारात उडदाची आमटी केली.

आईनं पहिला घास घेतला आणि थांबली. आता हिला बोलणी बसणार, म्हणून मी कान टवकारून बसले.

"आज माझे पोरीनं केला ना खार?" आईनं विचारलं.

"हां आय, ताईनंच," भावजय म्हणाली.

आई पोटभर जेवली. वर आणखी आमटी मागितली. भावजयीनं डाव माझ्या हातात दिला आणि स्वतः मागे सरकली. इतक्या वर्षांनी आईनं माझं नाव काढलं, आणि तेही मला हिच्याच हातून घ्यावं लागलं.