चार दिवस पाजू नका

मी अष्टमी गावात राहते आणि पेणच्या एका लहान दवाखान्यात, सोनोग्राफीच्या खोलीत, डॉक्टरबाईंच्या हाताखाली सिस्टर आहे. तोंडाची फटकळ. पेशंटच्या नातेवाइकांना चार शब्दांत वाटेला लावते याची मला कोण घमेंड होती!

कासू गावाकडची बाळंतीण आली होती, मांडीवर दीड महिन्याची पोर. उजव्या छातीत गळू झालेलं. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीत बघत बघत सुई घालून पू काढला. तिनं हूं की चूं केलं नाही. "दोन्हीकडे पाजत राहायचं," डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, "औषध बाळाला बाधणारं नाही. दूध तुंबलं तर गळू परत होईल."

बाहेर तिच्या सासूनं मला गाठलं. "बाई, पू पोरीच्या पोटात जायचा नाय ना?"

बाकावर पेशंट खोळंबलेले. आत जाऊन विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण माझ्या बाळंतपणात आईनं सांगितलेलंच तोंडून निघालं, "चार दिवस पाजू नका. वरचं द्या."

सून हळूच म्हणाली, "पन डॉक्टरीन तर पाज म्हनाली..."

"अगो, मी रोज हेच बघते ना इथं?" मी खेकसले.

आठव्या दिवशी ती नवऱ्याबरोबर परत आली, तापानं फणफणलेली. छाती दगडासारखी. पदराआड फडक्यात बांधलेला मोगरा सुकून काळा पडला होता. पाजायचं नाही म्हटल्यावर ठणका नको म्हणून सासूनं दूध आटवायला दोन्हीकडे फुलं बांधली होती. बांधतात आमच्याकडे. मला हे सुचायला नको होतं? पोर बाटलीला लागलेली; छातीशी धरली की तोंड फिरवून टाहो फोडत होती.

"पाजणं बंद करायला कोणी सांगितलं?" डॉक्टरबाई कडाडल्या.

बाळंतिणीनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "शेजारनीनं."

"शेजारणीचं ऐकता, आमचं नाही! सिस्टर, तुम्ही नीट समजवा हिला."

आणि मी मेली समजावायला लागले! पाजत राहायचं, पोर घेत नसली तरी पुन्हा पुन्हा लावायची, दूध हातानं काढायचं. जीभ सुरूच होती आणि शरमेनं कानशिलं तापली होती. "हिला मीच सांगितलं" एवढंच बोलायचं होतं. नाही बोलले. कसली मी सिस्टर!

पुन्हा सुई घातली, पुन्हा पू काढला. निघताना तिनं दाराशी माझा हात धरला. नवरा औषधं घ्यायला गेला होता.

"तुमची नोकरी जायला नको म्हनून बोलले नाय," ती म्हणाली. "पन बाई, खरं सांगा, आता येल ना दूध?"

"येईल गो, येईल," मी म्हटलं. तेही डॉक्टरबाईंना न विचारता.