छताला लावलेलं नाक

आमच्या बाबांचं नाक सेलूच्या जिनिंगमध्ये प्रसिद्ध होतं. दिसण्यासाठी नव्हे; दिसायला ते साधं, जरा बसकंच आहे. बाबा तिथे ग्रेडर होते, म्हणजे आलेला कापूस हातात घेऊन त्याची प्रत ठरवणारे. पण त्यांची खरी ख्याती निराळी होती. कापसाच्या गंजीत पोटाशी कुठे ठिणगी धुमसत असली, तर बाहेर धूर दिसायच्या आधी बाबांना वासाने कळायचं. लोक त्यांना हाताला धरून गंजीभोवती फिरवत. बाबा एका जागी थांबत, मान वाकडी करत आणि बोट दाखवत. तिथे उपसलं की आतून काळा पडलेला कापूस निघायचा. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की हल्ली ती मीच लोकांना सांगते, आणि जरा वाढवूनच सांगते.

आई गेल्यावर बाबा सत्तरीत स्वयंपाक शिकले. सेलूच्या तीन खोल्यांच्या घरात ते एकटे राहतात आणि वांग्याची भाजी अशी करतात की माझ्या हातची खाताना माझा नवरा आताशा गप्प असतो. मी वर्ध्याला नालवाडीत राहते, शाळेत सातवीला विज्ञान शिकवते आणि दर रविवारी सेलूला जाते. ‘बाबांना बघायला जाते’ असं मी म्हणते. खरं तर जेवायला जाते.

अशाच एका रविवारी मी फाटक उघडलं, तर बाबा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर बाहेर येत होता. बाबांपासून दहा पावलांवर. मी धावत आत गेले, गॅस बंद केला. पातेल्यात दूध नव्हतंच, नुसता कोळसा होता. बाबा मागून आले, पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, “दूध थोडं लागलं वाटते.”

“थोडं? बाबा, वास नाही आला तुम्हाला?”

“आला ना. उठूनच राह्यलो होतो.”

मला राग यायला वेळ लागत नाही. नाकावरच असतो माझ्या. मी फडताळातून हिंगाची डबी काढली, त्यांना डोळे मिटायला लावले आणि डबी उघडून नाकाखाली धरली. “सांगा काय आहे.”

बाबांनी भरपूर श्वास घेतला. बराच विचार केला. “विलायची,” म्हणाले.

मग त्यांनी कबूल केलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला होता. त्यात वास गेला होता आणि परत आलाच नव्हता. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी तावातावाने पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला, आणि ती माझी पहिली चूक.

भाऊ सतरा वर्षं पुण्यात आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं. गॅस गळला तर यांना कळणार नाही, काही पेटलं तर कळणार नाही, तेव्हा आता एकटं राहणं बंद. हिवाळ्यात येतो आणि घेऊन जातो. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. बाबांनी सगळं ऐकलं आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, “मी काई पार्सल नाई.” मग ते आत जाऊन जळकं पातेलं घासत बसले. पुण्यातल्या सहाव्या मजल्यावर बाबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करतील, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. सोफ्याच्या कडेला बसून राहतील, कोणाला त्रास नको म्हणून. त्यांच्या हातची भाजी तर बंदच होणार होती. माझा सगळा राग मग भावाकडे वळला.

मीच तोडगा काढला. गॅससाठी ज्योत विझली की स्वतःहून पुरवठा बंद करणारी शेगडी घेऊ, आणि धुरासाठी धूर ओळखणारं यंत्र लावू. भाऊ म्हणाला, “लाव. आल्यावर मी स्वतः तपासणार. वाजलं तर बाबा तिथे, नाही वाजलं तर बाबा इथे.” मी हो म्हटलं.

शेगडी वर्ध्यात लगेच मिळाली. तिथल्याच विजेच्या दुकानात मी धुराचं यंत्र मागितलं, तर दुकानदाराने आधी एक्झॉस्ट फॅन दाखवला. मग डास पळवायचं मशीन दाखवलं. शेवटी त्याच्या लक्षात आलं आणि त्याने आतून एक जाडजूड पेटी आणली. “मॅडम, मंगल कार्यालयात हेच लावून राह्यले सारे. पॅनल आहे, वायरिंग आहे, भोंगा आहे. पूर्ण मोहल्ल्याले ऐकू जाते.” मी म्हटलं, आमच्याकडे एक म्हातारा आणि एक पातेलं आहे, आठशे पानांची पंगत नाही.

शेवटी ऑनलाइन मागवायचं ठरलं आणि मी अभ्यासाला लागले. मला अभ्यास आवडतो. एक प्रकार धुरावर वाजतो, एक तापमानावर. तापमानाचं यंत्र स्वयंपाकघरात चालतं, फोडणीला दचकत नाही, पण खोली चांगली तापेपर्यंत ते गप्प बसतं. तोवर दुधाचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून धुराचं घेतलं, बॅटरीवर चालणारं, वायर नाही की पॅनल नाही. ते शेगडीपासून दहा फूट लांब, पंख्यापासून दूर आणि शक्यतो छताला लावावं असं माहितीपत्रकात होतं. आमच्या घरात शेगडीपासून दहा फूट चाललं की माणूस अंगणात पोचतो. तेव्हा मधल्या खोलीच्या छताला, स्वयंपाकघराच्या दाराच्या जरा अलीकडे, अशी जागा काढली.

पुढच्या रविवारी मी शेजारून ड्रिल मागून नेलं. मी स्टुलावर, बाबा स्टूल धरून खाली. ते माहितीपत्रक मी त्यांना आधी मोठ्याने वाचून दाखवलं होतं, वर्गात वाचते तसं, मध्येमध्ये प्रश्न विचारत. बाबांना यंत्राचं काही कौतुक नव्हतं.

“म्हंजे हे आता माया नाकाचं काम करन?”

“हो.”

“नाक म्हणा मंग सरळ. डिटेक्टर कायले म्हणता.”

तेव्हापासून ते नाक झालं.

स्लॅबला भोक पाडताना सिमेंटची भुकटी माझ्या केसांत आणि बाबांच्या चष्म्यावर पडत होती. यंत्रावर नारिंगी प्लास्टिकची पातळ टोपी होती. ती काढायला मी हात घातला, तर बाबा खालून म्हणाले, “राहू दे बाई. नवं हाय. धूळ बसन.”

आता आमच्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत, हे सांगायलाच हवं. माझ्या फ्रिजच्या मुठीवर सहा वर्षांपूर्वीचं प्लास्टिक आहे. बाबांच्या टीव्हीच्या रिमोटला पिशवी आहे आणि त्या पिशवीला रबरबँड आहे. तेव्हा टोपी ठेवावी हे मला अगदी रास्त वाटलं. मी बटण दाबलं, नाकाने कानठळ्या बसतील अशी किंकाळी फोडली, बाबांनी स्टूल सोडून कान धरले. मी पडता पडता वाचले. परीक्षा झाली असं समजून आम्ही जेवायला बसलो.

पुढचे दोन महिने नाक अतिशय शहाण्यासारखं वागलं. बाबांनी मिरच्यांचा ठेचा केला, मला खोकून खोकून पाणी प्यावं लागलं, नाक गप्प. पापड भाजले, गप्प. मी भावाला फोनवर सांगितलं की यंत्र फार हुशार निघालं; फोडणीचा धूर कुठला आणि आगीचा कुठला, त्याला बरोबर कळतं. शाळेच्या स्टाफरूममध्येही मी हे सांगितलं, आणि दोन बाईंनी लिंक मागून घेतली.

हिवाळ्यात भाऊ आला. चार दिवसांची रजा होती आणि परतीची दोन तिकिटं होती. मीही रजा टाकून सेलूला गेले. चहा झाल्यावर तो उठला, अगरबत्तीचा अख्खा पुडा एकदम पेटवला आणि मधल्या खोलीत स्टुलावर चढून हात वर केला. धुराने छत दिसेना. नाक गप्प. भावाने पुडा आणखी जवळ नेला. बाबा दारात उभे होते, ते एकदा यंत्राकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होते. मग धूर जरा विरला, भावाने मान वर करून नीट पाहिलं आणि सतरा वर्षांचं पुणं एका क्षणात गळून पडलं.

“ताई, याले टोपी काऊन घालून ठेवली?”

मला तेव्हा धरणीने पोटात घेतलं असतं तर चाललं असतं. बटण दाबलं की फक्त भोंगा तपासला जातो. धूर आत शिरायला वाट लागते, आणि ती वाट मी झाकून ठेवली होती. सातवीच्या पोराने अशी चूक केली असती तर मी त्याला तासभर सोडलं नसतं. नाकाला दोन महिने बुरखा घालून मी त्याच्या शहाणपणाच्या कथा सांगत होते. भाऊ हसला नाही. तो माळ्यावर चढला, बाबांची बॅग काढून झटकू लागला.

बाबा म्हणाले, “चार दिवस हायेस ना तू? चार दिवस पाह्य. मंग भर बॅग.”

टोपी काढली. आणि दोन महिने दाबून धरलेलं सगळं नाकाने पहिल्याच दिवशी बाहेर काढलं. वरणाच्या फोडणीला बोंबललं, भाकरीला बोंबललं, संध्याकाळी ऊद घातला त्याला बोंबललं. दर वेळी बाबा जागचे उठत, शेगडीकडे जात, पाहत आणि खिडकी उघडत. दुसऱ्या दिवशी भावानेच माहितीपत्रक हातात घेतलं. स्वयंपाकघराच्या दाराच्या फार जवळ लावलंय, म्हणाला. त्याने ते स्वतः काढून खोलीच्या पलीकडच्या अंगाला नेऊन लावलं. तेव्हापासून फोडणीचं बोंबलणं थांबलं. पण बॅग पलंगाखाली उघडीच होती, आणि त्यात बाबांचे दोन शर्ट आणि स्वेटर पडलेले मला दिसत होते. ते भावाने ठेवले की बाबांनी, हे मी विचारलं नाही. माझा धीर झाला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बाबा आणि मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो. आम्हाला चहा करतो म्हणून भाऊ आत गेला. त्याने दूध ठेवलं, तेवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला आणि तो बोलत बोलत मागच्या अंगणात निघून गेला. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. एकाएकी नाक किंचाळायला लागलं.

मी जागची उठेपर्यंत बाबा आत पोचले होते. त्यांनी गॅस बंद केला. खिडकी उघडली. पातेल्यावर ओलं फडकं टाकलं. मग पेपर घेऊन ते मधल्या खोलीत आले आणि नाकाखाली उभे राहून त्याला वारा घालू लागले. नाक शांत झालं तेव्हा भाऊ मागच्या दारातून फोन हातात धरून धावत येत होता.

बाबा त्याच्याकडे बघून म्हणाले, “दूध थोडं लागलं, बाबू.”

मग पेपरची घडी करत म्हणाले, “तुयं नाक तं चांगलं हाय ना?”

आधी मी हसले. मग भाऊ हसला, इतका की त्याला भिंतीला टेकावं लागलं. मग तो मुकाट्याने पातेलं घेऊन मोरीत गेला आणि राख लावून घासायला बसला. बाबा त्याच्या शेजारी पाटावर बसले. पातेल्याकडे पाहत, आमच्यापैकी कोणाकडेच न पाहता ते बोलले.

“वास गेला तं गेला. त्याच्यासंगं घर बी जाईन म्हून भ्यालतो. म्हून सांगतलं नाई.”

मला रडू आलं. इतके दिवस मी यंत्र निवडत होते, भोकं पाडत होते, भावाशी भांडत होते. ज्या माणसाचं नाक सगळ्या जिनिंगने मानलं, त्याला ते गेल्यावर कसं वाटत असेल, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. भावाने पातेलं विसळलं, ओले हात शर्टाला पुसले आणि फोनवर दोनातलं एक तिकीट रद्द केलं. बॅग मी माळ्यावर टाकली.

आता ज्या रविवारी मला जायला जमत नाही, त्या रविवारी बाबांचा फोन येतो. ते फोन छताकडे धरतात आणि झाडूच्या दांड्याने नाकाचं बटण दाबतात. “ऐकू आलं?” विचारतात. मी आलं म्हणते. हा आमचा रामराम. परवाच्या रविवारी मात्र बाबा दांड्यापर्यंत पोचायच्या आधीच फोनमधून किंकाळी ऐकू आली.

“बाबा, काय झालं?”

“काई नाई. भाजी लागली वाटते. ठेव बाई, नाक बोलावून राह्यलं मले.”

आणि फोन ठेवून ते गेले.