हळू सुटणारी गोळी

सासूबाई गावाहून आमच्याकडे भिंगारला राहायला आल्या, ते दिवस मला त्यांच्या स्वेटरमुळे लक्षात राहिलेत. एप्रिल महिना होता. आमच्या क्वार्टरचा स्लॅब दुपारी इतका तापायचा की फरशीवर पाणी मारून ठेवावं लागे. आणि आई मात्र माझ्या मुलाचा शाळेचा जुना निळा स्वेटर चढवून, वरून पदर घट्ट लपेटून कॉटवर बसलेल्या असायच्या. "आई, उकडत नाही का?" असं विचारलं की म्हणायच्या, "न्हाई गं बाई. हाडात गारठा भरलाय."

त्या पाथर्डीकडच्या. जमीन सगळी कोरडवाहू, त्यामुळे लग्नानंतरची कितीतरी वर्षं दिवाळी आटपली की सासऱ्यांबरोबर कोपरगावच्या बाजूला ऊसतोडीला जायच्या. त्यांच्या हाताचा वेग मी लग्न होऊन आले तेव्हा पाहिला होता. मी एक भाकरी थापेपर्यंत त्यांची टोपली भरलेली असायची. त्याच आईंना आता एक कांदा चिरायला अर्धी सकाळ लागत होती. बोलताना शब्द जड यायचे, आवाज घोगरा झाला होता, डोळ्यांखाली सूज होती. ह्यांचं म्हणणं, बाबा गेल्यापासून ती खचलीय, वयही झालंय. शेजारपाजारच्या बायकाही तेच म्हणायच्या. खुद्द आईंना तर लाज वाटायची. "बसून खाते मी," एकदा भांडी घासता घासता मध्येच थांबून त्या म्हणाल्या. "जलमात कधी आळस केला न्हाई आनि आता बघ."

मला शंका आली ती मी स्वतः त्यातून गेले होते म्हणून. धाकट्याच्या बाळंतपणानंतर माझेही पाय असेच शिशाचे झाले होते. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे, कारण नसताना रडू यायचं. तेव्हापासून मी थायरॉईडची गोळी घेतेय. एका शनिवारी शाळेतलं शिकवणं आटपल्यावर मी आईंना रिक्षात घालून नगरला माझ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. रक्त तपासलं. थायरॉईडचा आकडा, टीएसएच, भलताच वाढलेला निघाला.

डॉक्टरबाईंनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून समजावून सांगितलं, की इथे एक ग्रंथी असते, तिच्यातून जे झिरपतं त्यावर सगळं शरीर चालतं, तुमची ग्रंथी काम करेनाशी झालीय. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंजी मी आळशी झाले न्हाई?"

"तुम्ही नाही आजी. तुमची ग्रंथी आळशी झालीय."

परत येताना रिक्षा नगरच्या किल्ल्याजवळ आली तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

गोळी सुरू झाली आणि खरी अडचण कळली ती चहाची. ही गोळी उठल्याउठल्या नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग तासभर तरी काही खायचं-प्यायचं नाही. आईंनी आयुष्यभर डोळे उघडले की आधी चहा घेतलेला. "एवढीशी गोळी आनि एवढा तिचा थाट," त्या कुरकुरायच्या. मलाही तेच बंधन होतं. मग आम्ही दोघी गोळी घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसू लागलो, स्वयंपाकघरात थांबलं तर हात पातेल्याकडे जायचा म्हणून.

त्या तासात आई बोलायच्या. लग्नाला इतकी वर्षं होऊन जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते मला त्या पायरीवर कळलं. ऊसतोडीच्या टोळीत असताना पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ह्यांचा जन्म झाला, आणि बाजूच्या कोपीतल्या एका वंजाऱ्याच्या म्हातारीनं कोयता चुलीत तापवून नाळ कापली. "तिसऱ्या दिवशी मी मोळ्या बांधायला गेल्ते," त्या म्हणाल्या. "ह्याला झोळीत टाकला हुता बैलगाडीच्या खाली. रडायचा न्हाई. ऊस खाऊन बैल रवंथ करायचे, त्यांच्याकडं बघत पडायचा." मी ह्यांच्याकडे त्या दिवशी संध्याकाळी जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं, तर ते म्हणाले, "काय झालं? शर्टाला काही लागलंय का?"

पावसाळा संपेपर्यंत आईंचा चेहरा उतरला, म्हणजे सूज उतरली. आवाज मोकळा झाला. स्वेटर धुऊन पेटीत गेला. एका रविवारी त्यांनी मला चुलीपुढून, म्हणजे गॅसपुढून, उठवलं आणि सगळ्या भाकरी स्वतः केल्या.

पुढे दोनेक वर्षांनी माझंच बिघडलं. शाळेची वेळ बदलून सकाळची झाली होती. आमचा पायरीवरचा तास मोडला. मी घाईघाईत गोळ्या गिळायची आणि सुटायची. हळूहळू अंग पुन्हा जड वाटायला लागलं. वर्गात फळ्यापाशी उभं राहवेना. दुपारी घरी आले की चपला काढायचाही कंटाळा यायचा. आई माझ्यासमोर ताट आणून ठेवायच्या.

त्या डिसेंबरात माझी धाकटी बहीण अमेरिकेहून आली. आमच्या माहेरी हा आजार जणू वाटूनच दिलाय. माझ्या आईला होता, मला आहे, तिलाही आहे. मला पाहून तिचा चेहरा पडला. "ताई, तू अजून तीच जुनी गोळी घेतेस?"

"दुसरी कुठली घेणार?"

तिनं पर्समधून एक बाटली काढली. तिच्या तिथल्या डॉक्टरनं तिला नेहमीच्या गोळीच्या जोडीला ह्या कॅप्सूल दिल्या होत्या. औषधाच्या दुकानात मुद्दाम बनवून घ्याव्या लागतात, म्हणाली. "ही पोटात एकदम विरघळत नाही. दिवसभर थोडी थोडी सुटते. मला इतकं बरं वाटतंय ना ताई, मी तुला सांगू शकत नाही. माझ्याकडे जादा आहेत. तू घेऊन बघ." तिचे डोळे भरून आले होते. सात समुद्रांपलीकडे बसून बहिणीसाठी दुसरं काही करता येत नाही, एवढं तरी करू दे, असं काहीतरी त्यात होतं. मला नाही म्हणवेना. मी बाटली घेऊन फ्रीजवर ठेवली.

आई दारात बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी विचारलं, "थोडी थोडी सुटती मंजी कशी? ठिबकावानी?"

"हो मावशी, अगदी तशीच," बहीण म्हणाली.

बहीण पुण्याला सासरी गेली. मी ह्यांना म्हटलं, एवढं शाळेचं गॅदरिंग होऊ दे, मग घेऊन बघते. ह्यांचं मत होतं की आधी डॉक्टरबाईंना विचारावं. मीही म्हटलं, विचारते. पण गॅदरिंगच्या गडबडीत जाणं झालं नाही आणि बाटली फ्रीजवरच राहिली.

जानेवारीतली गोष्ट. रविवार होता, उन्हात बसलं तरी हुडहुडी भरावी अशी थंडी. मी कपडे वाळत घालून आत आले तर आई दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसलेल्या, पदरानं वारा घेत. कपाळावर घाम होता. समोर निवडायला घेतलेली मेथी होती आणि त्यांची बोटं थरथरत होती. देठ हातातून निसटत होता.

"आई, काय होतंय?"

"काय न्हाई. जरा धडधड हुती."

मी मनगट धरलं. नाडी माझ्या बोटांखाली पळत होती. मग एकेक लक्षात यायला लागलं. चार-पाच दिवसांपासून त्यांनी घराचा कोपरा न् कोपरा झाडून काढला होता, माळ्यावरची पितळी भांडी चिंचेनं घासली होती. मला वाटलं, संक्रांत आलीय म्हणून उत्साह असेल. मी फ्रीजकडे पाहिलं. बाटली जागेवर होती. उघडली तर आतल्या कॅप्सूल कमी झालेल्या.

"आई, तुम्ही ह्या घेतल्या?"

त्या खाली मान घालून मेथी गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू घेनार हुतीस ना. कोन कुठला डाक्टर, कुठल्या देशातली दवा. म्हनलं आधी मी घेऊन बघते. मला काय झालं तर झालं. तुझ्यामागं दोन पोरं हायेत."

राग आला होता आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. मी त्यांच्याशेजारी उंबऱ्यातच बसले. त्या माझी समजूत घालायला लागल्या, "घाबरू नगंस. तशी दवा बरी हाय. लई काम हुतं तिनं."

ह्यांनी शेजाऱ्यांची गाडी मागून आणली. रविवार असूनही डॉक्टरबाईंनी दवाखाना उघडला. आईंना झोपवून छातीला तारा लावून ईसीजी काढला. आई छताकडे बघत पडून होत्या. ठोके जलद होते पण बाकी ठीक होतं. डॉक्टरबाईंनी ती कॅप्सूल बंद करायला सांगितली, धडधड कमी होण्यासाठी एक गोळी दिली आणि दोन दिवस लक्ष ठेवा म्हणाल्या. मग खुर्ची ओढून आईंच्या जवळ बसल्या.

"आजी, ह्या बाटलीत काय आहे ते सांगते. आपली रोजची गोळी आहे ना, तिच्यातलं औषध रक्तात सात-आठ दिवस रेंगाळतं. शरीर त्यातून लागेल तेवढं, लागेल तेव्हा वापरायच्या रूपात बदलून घेतं. म्हणजे ती आधीच सावकाश चालणारी आहे. ह्या कॅप्सूलमध्ये ते तयार, जोरकस रूप भरलंय. ते अंगात लवकर भिनतं आणि लवकर संपतं. म्हणून त्याला हळू सोडायची धडपड करतात. पण पोटात गेल्यावर ते ठरल्यासारखंच सुटेल याची खात्री देता येत नाही. एका ठिकाणी बनवलेली आणि दुसऱ्या ठिकाणी बनवलेली सारखी निघेल असंही नाही."

"मंजी आपलीच गोळी ठिबकाची?" आई म्हणाल्या.

"तसंच म्हणा."

"मग हिच्या बहिनीला कशी मानवली?"

"काही थोड्या लोकांना डॉक्टर असं जोडऔषध देतात, सारखं रक्त तपासत, ठोके बघत. तिला तिच्या डॉक्टरनं तिच्याकडे बघून दिलंय. तुम्हाला कुणी दिलंय?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं.

मग डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. माझा थकवा ऐकून सकाळी काय काय घेते ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. थायरॉईडची गोळी, त्याच घोटाबरोबर गुडघ्यांसाठीची कॅल्शियमची आणि रक्तवाढीची लोहाची, वर लगेच चहा, कारण शाळेची वेळ. त्यांनी पेन खाली ठेवलं. कॅल्शियम आणि लोह ही गोळी अंगात शोषू देत नाहीत, म्हणाल्या. त्यांच्यात चार तासांचं तरी अंतर हवं. "तुमची गोळी चांगली आहे, ती तुमच्यापर्यंत पोचतच नाहीये." रक्त तपासलं तर टीएसएच वर गेलेलं होतं. डोस वाढवला नाही. कॅल्शियम आणि लोह दुपारी-रात्रीच्या जेवणानंतर गेलं, आणि मी गजर तासभर अलीकडे ओढला.

आईंची धडधड दोन-तीन दिवसांत निवळली. पण त्या दिवसांत मी त्यांना काही करू देत नव्हते आणि त्यांना ते सहन होत नव्हतं. मी शाळेला निघाले की त्या ह्यांना म्हणायच्या, "तुझ्या बायकूला सांग, मी काय काचंची न्हाई." मी परत आले की मात्र पडून राहिल्याचं सोंग करायच्या.

बहिणीला सांगावं की नाही, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. शेवटी आईच म्हणाल्या, सांग, न्हाईतर पुन्हा कुनाला देईल ती. व्हिडिओ कॉलवर सगळं ऐकून बहीण रडायला लागली. "मावशी, माझ्यामुळे तुम्हाला काही झालं असतं तर?"

आईंनी मोबाईल माझ्या हातातून घेतला. त्यांना तो नीट धरता येत नाही, त्यामुळे बहिणीला पलीकडे त्यांचा फक्त कान दिसत असणार. "रडू नगंस. तू काय वाईटाला दिलं का? तुला गुन आलाय, तू घेत जा. पर तुझ्या डाक्टरला म्हनावं, माझं काळीज बघत जा. आनि जेवतीस का नीट? हडकली हुतीस लई."

बहीण रडता रडता हसली. ती अजूनही तिची कॅप्सूल घेते, तिच्या तपासण्या होत असतात. आमच्यात आता त्यावरून वाद होत नाही. फोनवर ती तिचा आकडा सांगते, मी माझा.

मार्च संपता संपता मला वर्गात तासभर उभं राहता यायला लागलं. सगळा थकवा गेला असं नाही. पन्नाशीला टेकलेय, शाळेत जिने आहेत, घरी दोन मुलं आहेत. पण दुपारी घरी आल्यावर चपला काढून मी सरळ स्वयंपाकघरात जाते, आणि आई म्हणतात, "आज चेहऱ्यावर रगत दिसतंय."

गेल्या महिन्यात त्यांच्या भाच्याचं लग्न निघालं. ह्यांना सुट्टी नव्हती. मी सोडायला येते म्हटलं तर आई म्हणाल्या, पाथर्डीची गाडी मला ठाऊक हाय. मी त्यांच्या पिशवीत गोळ्यांची स्ट्रिप ठेवली आणि लग्नघरातल्या कुणाला दोन दिवस बरं वाटत नसेल तर आपल्यातली काढून देऊ नका, असं बजावलं. "व्हय व्हय," त्या म्हणाल्या. स्टँडवर गाडीला ही गर्दी. आई पिशवी काखेत मारून त्या गर्दीत अशा शिरल्या की मी मागेच राहिले. खिडकीतून मला दिसलं, त्यांना जागा मिळाली होती, आणि शेजारी बसलेल्या सुजल्या चेहऱ्याच्या एका बाईला त्या काहीतरी विचारत होत्या. त्या बाईनं एवढ्या उन्हाचं डोक्याला मफलर गुंडाळला होता. गाडी हलली तेव्हा आई तिच्या गळ्याकडे बोट दाखवून काही सांगत होत्या आणि ती बाई ऐकत होती. माझ्याकडे बघायला त्यांना सवड झाली नाही.