द्वारकामावशींचं बोट

द्वारकामावशींना वेळ विचारली, तर त्या चिमटीत सांगत. आमच्या गावाहून खर्डा किती लांब? "दोन चिमट्या." म्हणजे तंबाखूची एक चिमूट दाढेखाली धरून निघायचं, ती संपली की दुसरी धरायची, आणि दुसरी थुंकेपर्यंत खर्ड्याचा किल्ला दिसायला लागायचा. मावशी गावच्या सुईण होत्या आणि बाळंतिणीच्या कळांचा अंदाजही त्या असाच घेत. कण्हणाऱ्या बाईच्या पोटावर हात ठेवायच्या, तोंडातला ऐवज सांडू नये म्हणून हनुवटी आढ्याकडे करायच्या आणि सांगायच्या, "आजून तीन चिमट्या हायेत. घाई करू नगं." तिसरी संपेपर्यंत मूल खरोखरच बाहेर यायचं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी त्या गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. नवरा जामखेडला नोकरीला, आठवड्यातून एकदा एसटीनं यायचा. मावशी शेजारीच राहत. पन्नाशीच्या, काटक, विधवा. कमरेला कायम चंची खोचलेली; तिच्या एका कप्प्यात तंबाखू, दुसऱ्यात चुन्याची डबी. ही सवय सोडवायला सगळ्यांनी जंग जंग पछाडलं होतं. नर्सबाईंनी भीती घातली, लेकानं चंची विहिरीत फेकली. मावशींनी दुसऱ्या दिवशी नवी शिवली.

"कशाला खाता हो?" मी एकदा विचारलं.

"बाई, रातंदिस लोकांच्या दारात बसायचं. कुनी च्या इचारतं, कुनी इचारत न्हाई. ही इचारती."



मावशींचा खरा मान बाळंतपणानंतरचा होता. जन्मलेल्या मुलाला पहिलं मधाचं बोट त्याच चाटवत. ज्याच्या बोटाचा मध, त्याच्या गुणावर मूल जातं, असं तिकडे सगळेच मानत, आणि मावशी तर ते मिरवत. शाळेत एखादी मुलगी धिटाईनं बोलली, की ओट्यावरून ओरडायच्या, "माझ्या बोटाची हाय ती! कुनाच्या बापाला भ्यायची न्हाई!"

मला सातवा महिना लागला तेव्हा श्रीरामपूरहून सासूबाई आल्या. एके सकाळी त्या ओट्यावर बसून दातांना मिशरी लावत होत्या. तेवढ्यात मावशी आल्या. सासूबाईंनी तोंडावरच सांगून टाकलं, "द्वारकाबाई, तुमच्या हाताला यश आहे. बाळंतपण तुम्हीच करा. पण मधाचं बोट मी लावीन. माझ्या नातवंडाला तंबाखूचं बोट नको."

हे बोलताना त्यांचं स्वतःचं बोट मिशरीनं काळं झालं होतं. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण हे त्यांच्या गावीही नव्हतं. मावशी तशाच उठून गेल्या. मला सासूबाईंचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण मी गप्प बसले होते.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच मावशी दारात. डोळे तांबडे. चंची माझ्या हातात कोंबून म्हणाल्या, "ही पेटीत ठिवा. मागितली तरी देऊ नगा. रडले तरी देऊ नगा."

"आईंचं एवढं मनावर नका घेऊ, मावशी."

"त्यांचं न्हाई वो. गावातली तंबाखू खानारी समदी पोरं आठवली. शिवा, नामा, त्यो चंदर. समद्यांला माझंच बोट. मी काय चाटवलं बाई ह्या लेकरांला?"

शिवाचा बाप, नामाचा बाप, चंदरचा आजा, सगळेच तंबाखू खाणारे. पोरं त्यांचं बघून शिकली होती. तसं मी म्हणालेही. मावशींनी मान हलवली. "तुमी शिकलेल्या. तुमाला न्हाई कळायचं." मग मी वाद घातला नाही. नर्सबाईंच्या खऱ्या भीतीनं जे झालं नव्हतं, ते या खोट्या भीतीनं होत असेल, तर मी कशाला मध्ये पडू?

पण ते सोपं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या कोंबडीशी भांडल्या. पाचव्या दिवशी भर वर्गाच्या दारात येऊन म्हणाल्या, "बाई, चंची तेवढी द्या. नुसता वास घेते." मी दिली नाही. चाळीस मुलांदेखत मला कसाबीण म्हणून गेल्या आणि चार दिवस अबोला धरला. पदराच्या गाठीला लवंगा आणि फुटाणे आले. सगळ्यात मोठी अडचण मात्र मला ठाऊकच नव्हती.

"येळ कशानं मोजू?" एके दिवशी त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "बाई कळा देती आन् मला कायबी कळंना."

घड्याळ त्यांना वाचता येत नव्हतं. तोड त्यांनीच काढली. आपल्या हातावर जन्मलेल्या मुलांची नावं जन्माच्या क्रमानं घ्यायची. पहिल्या मुलापासून चंदरपर्यंत आलं, की एक चिमूट झाली.

माझ्या वेळेला दुपारचं ऊन पत्र्यावर तापत होतं. माझ्या पाठीशी बसून मावशी नावं घेत होत्या, "गंगी, इठू, शिवा, पारू..." मी ओरडत होते आणि त्या कानाशी अख्खं गाव पुटपुटत होत्या. मला वाटलं, एवढी सगळी आली, तर माझंही येईल. तिसऱ्या फेरीत, पारूच्या नावाला, मुलगी झाली.

सासूबाईंनी चांदीच्या वाटीत मध आणला. दोन महिन्यांची मावशींची तडफड त्यांनी पाहिली होती. वाटी मावशींपुढे करून म्हणाल्या, "घ्या. तुमचाच मान."

मावशींनी हात पाठीमागे नेला. "आक्का, परवा खर्ड्याच्या बाजारात एक चिमूट खाल्ली. कुनाला ठाव न्हाई. पन बोटाला ठाव हाय."

सासूबाई थबकल्या. मग स्वतःचं बोट बुडवायला गेल्या आणि वाटीवरच थांबल्या. नखाच्या कडेला सकाळची मिशरी काळी दिसत होती.  "मग माझं तरी कुठं चालतंय," त्या हळूच म्हणाल्या.

दोन म्हाताऱ्या मधाची वाटी घेऊन उभ्या, आणि एक बोट सापडेना! मला त्या अवस्थेतही हसू फुटलं. शेवटी मावशींनी माझंच बोट धरून मधात बुडवलं. "आईनं लावायचं नसतंय, पन आज लावा. फुडच्या खेपंला मी."

पुढची खेप यायला तीन वर्षं लागली, आणि त्यात दुष्काळ आला. खडी फोडायच्या कामावर भूक मारायला सगळेच तंबाखू धरत, एकमेकांना देत. मावशी तोंडात खडीचा बारीक खडा धरून बसत. "कोन दिऊ लागलं तर मी आ करून खडा दावते," त्या सांगायच्या. "म्हन्त्यात, म्हातारीला याड लागलं."

मुलगा झाला तेव्हा त्यांनी दोन्ही हात सासूबाईंच्या नाकाशी नेले. "घ्या वास, आक्का." सासूबाईंनी खरंच घेतला, आणि मावशींचं बोट आपल्या हातानं मधात बुडवलं. त्यांची स्वतःची मिशरी सुटायला आणखी दोन वर्षं गेली, ते जाऊ दे. गोविंदानं ते बोट असं ओढलं, की मावशी रडायलाच लागल्या. मीही रडले.

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी निरोप आला, मावशी अंथरुणाला खिळल्यात, बाईंना बोलवा म्हणतात. मी गेले. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण माझा आवाज त्यांनी ओळखला.

"बाई, आजून किती येळ?"

मी त्यांचा हात हातात घेतला आणि सुरुवात केली. गंगी, इठू, शिवा, पारू. माझ्या मुलीचं नाव आलं, तेव्हा ओठ हलले. "ती तुमच्या बोटाची." मग आणखी काही नावं, आणि मग गोविंद. त्या नावाला माझ्या तळव्यात त्यांचं बोट हललं.

त्यापुढची नावं मला ठाऊक नव्हती. मी पुन्हा गंगीपासून सुरुवात केली.