लशीच्या झाकणांवरचा डाव

नवापूरच्या आमच्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू आला, सरकारी पथकाने दोन दिवसांत सगळ्या कोंबड्या मारून पुरल्या, आणि त्यानंतरचे दहा दिवस मी पोकर शिकलो. हे असं एका दमात सांगितलं की ऐकणारा माझ्या तोंडाकडे बघतो. त्याला वाटतं, मधलं काहीतरी सांगायचं राहिलं. राहिलेलं काही नाही. मध्ये काही वाटलंच नव्हतं.

कोंबड्यांना हात लावलेल्या सगळ्यांना दहा दिवस कुठे जायचं नाही, असा नियम होता. फाटकाजवळच्या ऑफिसच्या खोलीत आम्ही तिघं. मी, माझा मेव्हणा आणि चुना-औषध नीट पडतंय का हे बघायला ठेवलेला जनावरांचा तरुण डॉक्टर. मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा मोठा भाऊ. पोल्ट्री आमची दोघांची, निम्मी-निम्मी. पिल्लं, खाद्य, लसी त्याच्याकडे, लोकांशी बोलणं माझ्याकडे. मी त्याला दादा म्हणतो, तो मला पाव्हना म्हणतो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी मी पाहुणाच.

पहिल्याच दिवशी दादाने सांगून टाकलं, की त्याला आता हे काम करायचं नाही. कोरीटला शेती आहे, तिकडे जाईन म्हणाला. आवाज चढवला नाही, कारण दिलं नाही. मला कारण माहीत होतं. मेलेल्या कोंबड्यांची पोती शिवताना तो उभा होता आणि मी फॉर्मवर सह्या करत होतो. पण दादाशिवाय पोल्ट्री म्हणजे माझ्यासाठी ड्रायव्हर उतरून गेलेली गाडी. पिल्लू आजारी आहे की झोपलंय, हे मला आजही ओळखता येत नाही. म्हणून रोज सकाळी चहाबरोबर मी एकच विषय काढायचो, की पिल्लांचा एक लॉट भरू, मग बघ. तो बशीतला चहा संपवायचा आणि नाही म्हणायचा.

पोकरची कल्पना डॉक्टरची. पत्त्यांचा जोड आमच्याच ड्रॉवरमध्ये होता, सातम-आठमचा. श्रावणातल्या त्या दोन दिवसांत तीनपत्ती खेळला नाही असा माणूस आमच्या बाजूला शोधावा लागेल. दादाने पत्ते काढले तेव्हा डॉक्टर म्हणाला, काका, हॉस्टेलवर आम्ही पोकर खेळायचो, शिकवू का? नाही म्हणायला सुद्धा थोडा जोर लागतो. तेवढाही आमच्यात नव्हता. आम्ही बरं म्हटलं.

पैशांऐवजी त्याने लशीच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं घेतली. लाल, निळी, रुपेरी. दादाने ती एका डब्यात साठवून ठेवली होती. का, ते विचारायचं कधी सुचलं नाही. डॉक्टरने ती औषधाच्या पाण्यातून दोनदा धुऊन काढली. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, त्या सातांतून आपले चांगले पाच धरायचे. एवढं मला दुसऱ्या दिवशी दुपारी समजलं. तोपर्यंत टेबलावरचे पत्ते डॉक्टरचे आहेत आणि याला सारखेच इतके चांगले पत्ते कसे येतात, म्हणून मी मनात त्याच्यावर संशय धरून होतो.

मग चेहरा. डॉक्टर म्हणाला, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. माझ्या चेहऱ्यावर भाव राहतात कुठे, तरी खबरदारी म्हणून मी पथकाने दिलेला मोठा गॉगल लावून बसायला लागलो. खिडकी माझ्या समोर. तीन दिवस मी गॉगल लावून खेळलो आणि तीन दिवस हरलो. चौथ्या दिवशी दादा भाकरीला ठेचा लावता लावता म्हणाला, "पाव्हना, तो चष्मा काढ. तुन्हा पत्ता त्यामा दिसी ऱ्हायना." डॉक्टर हसला. मीही हसल्यासारखं केलं. तीन दिवस दोघंही माझ्या डोळ्यांवर माझेच पत्ते वाचत होते, आणि मला वाईट वाटायला हवं होतं. मी गॉगल काढून भाकरी खाल्ली. बाहेर, कोंबड्या पुरल्या त्या खड्ड्यावर, चुन्याचा पांढरा चौकोन होता. त्याच्याकडे बघतानाही असंच व्हायचं, वाटायला हवं ते वाटायचं नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही शिकलो नाही. कोणता हात मोठा, हे डॉक्टर पहिल्या दिवशी सांगायला लागला तेव्हा दादाने हात वर करून त्याला थांबवलं. कोण मोठं, कोण लहान हे आमच्या बाजूला दुधाबरोबर शिकवतात, असं काहीतरी मी वर जोडलं. डॉक्टर पत्ते पिसायला लागला. सरकारी माणूस, दोनदा सांगत नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी चहाबरोबर निराळं बोललो. म्हटलं, दादा, एक डाव. मी जिंकलो तर एक लॉट तू थांबायचं. तू जिंकलास तर हा विषय मी परत काढणार नाही. डॉक्टर चुन्याच्या खड्ड्याकडे गेला होता. दादाने माझ्याकडे बघितलं, बशी बाजूला ठेवली. "वाट," म्हणाला.

मी पत्ते वाटले. माझ्या हातात इस्पिकची अठ्ठी आणि बदामची दश्शी. टेबलावर एकेक करून किलवरचा राजा, किलवरची नव्वी, चौकटची सत्ती, बदामची छक्की आणि शेवटी किलवरची पंजी. सहा-सात-आठ-नऊ-दहा, सरळ सिक्वेन्स. मी सगळी झाकणं पुढे ढकलली. दादानेही ढकलली. त्याने पत्ते उलटे केले, किलवरची राणी आणि दुर्री. टेबलावरचे तीन धरून पाच किलवर. कलर. मी माझे पत्ते मांडले. त्याने ते एकदा पाहिले, मान हलवली, आणि सगळी झाकणं दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवली.

"बरं," म्हणाला. "एक लॉट."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची सुटका होती. दादा आंघोळीला गेलेला असताना मी डॉक्टरला फुशारकीने तो डाव पत्त्यापत्त्यानिशी सांगितला. डॉक्टर पिशवी भरता भरता थांबला.

"म्हणजे काका, तुम्ही हरलात."

तीनपत्तीत सिक्वेन्स मोठा, कलर लहान. पोकरमध्ये उलट. पाच पत्ते एका रंगाचे येणं जास्त अवघड, म्हणून कलर वर. नऊ दिवसांत हे दोन हात समोरासमोर एकदाही आले नव्हते, नाहीतर त्यानेच सांगितलं असतं. दादांना सांगाल ना, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं आणि त्याची पिशवी जीपपर्यंत नेऊन दिली.

सांगितलं नाही. शेड रिकामं ठेवायचा काळ होता, धुणं होतं, जंतू मरावेत म्हणून जाळ्या भाजणं होतं, चुना मारणं होतं. दादा रोज वेळेवर यायचा. पूर्वी फाटकातून सरळ शेडकडे जायचा, आता त्या पांढऱ्या चौकोनाला टाळून कुंपणाच्या कडेकडेने लांबून यायचा. तोंडाला ओला रुमाल. वास कधीच गेला होता. मी रोज ते बघायचो आणि लाज वाटायची वाट बघायचो. ती आली की तिच्या जोरावर सांगून टाकीन, असा हिशेब. महिने गेले, ती काही आली नाही. शेवटी तिच्याशिवायच सांगावं लागलं.

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी आम्ही शेडात भाताचं तूस पसरत होतो. मी म्हटलं, दादा, त्या डावात तू जिंकला होतास. पोकरमध्ये कलर मोठा.

तो फावड्यावर हात ठेवून उभा राहिला.

"तुले कव्हय समजनं?"

"दुसऱ्या दिवशी."

मला वाटलं, आता शिवी येईल, निदान बायकोपर्यंत गोष्ट जाईल. तो परत तूस पसरायला लागला. भिंतीपर्यंतची पट्टी पुरी केली, कोपरे हाताने सारखे केले, पिल्लांना ऊब देणारे ब्रूडरचे दिवे लावून पाहिले, एक बल्ब बदलला. मग नळावर पाय धुतले, रुमाल पिळून खांद्यावर टाकला आणि कुंपणाच्या कडेने फाटकाबाहेर गेला.

सकाळी पिल्लांची गाडी आली, दादा आला नाही. मी आणि गाडीवाल्याने खोकी उतरवली. पिवळा, चिवचिवणारा गठ्ठा. कोणतं आजारी आणि कोणतं झोपलेलं, मला कळेना. मी दादाला फोन लावला आणि पिल्लं आली एवढंच सांगितलं.

"पह्यले गुयनं पानी देजो," तो म्हणाला. "चोच बुडाडी दे, एक-एकनी." आणि फोन ठेवला.

गूळ तो कुठे ठेवायचा, ते मला माहीत नव्हतं. ऑफिसातली कपाटं उघडली, खाद्याची खोली पाहिली. पुन्हा फोन लावला नाही. गाडीवाल्याला पिल्लांजवळ बसवलं आणि दुकानात जाऊन एक किलो घेऊन आलो. मग खाली बसून एकेक पिल्लू उचलून त्याची चोच पाण्यात बुडवायला लागलो. दुपारपर्यंत खोक्यांची एक रांगही पुरी झाली नव्हती.