आरशामागची रेघ

आमच्या इमारतीत सोळा घरं आहेत, आणि एकेकाळी त्या सोळाही घरांत एका माणसासाठी पंखे बंद व्हायचे. पंखे, फ्रीज, रेडिओ, कुरकुरणारी पोरं, सगळंच. तो कुणी बडा साहेब नव्हता, प्लंबर होता. भिंतीतला पाइप नेमका कुठे गळतोय हे तो ऐकून सांगायचा, आणि त्याला ऐकायचं असलं की घरात चिडीचूप लागायची. माझ्या नवऱ्याने त्याचं नाव कानसेन ठेवलं. ते इतकं चिकटलं की पुढे पुढे तो स्वतःच दार वाजवून ‘कानसेन आलाय’ म्हणायचा.

त्याच्याकडे हातभर लांबीची एक लोखंडी सळई होती, तिच्या एका टोकाला लाकडी मूठ. सळईचं टोक भिंतीला टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. ही विद्या तो पाणीखात्यात शिकला होता. विशीत असताना तिथे रोजंदारीवर रस्ते खणायला होता. मुकादम सळई लावून जमिनीखालची गळती शोधायचा, आणि तो चुकला की भलतीकडे खणलेला रस्ता बुजवायला मजूरच लागायचे. फुकटच्या खड्ड्यांना वैतागून याने एकदा मुकादमाची सळई उचलली आणि स्वतःच ऐकलं. खात्याने त्याला शेवटपर्यंत कायम केलं नाही, पण सळई घेऊन तो बाहेर पडला.

त्याचा एक हट्ट होता. टाइल फोडायची तर एकच. ऐकून झालं की कानामागची पेन्सिल काढून तो टाइलवर छोटासा गोल काढायचा, घरच्या माणसाला दाखवायचा आणि मगच हातोडा उचलायचा. बावीस वर्षांत त्याने आमच्या इमारतीत एका कामाला दुसरी टाइल फोडलेली मला आठवत नाही. तो काही साधू नव्हता. सकाळी येतो म्हणून दुपारी उगवायचा, तीन कप चहा रिचवायचा, आधीच्या प्लंबरने काय काय अक्कल पाजळली आहे याचं कीर्तन लावायचा. कुणी मध्ये शहाणपण शिकवलं तर त्याच्याशी अर्धा तास हुज्जत घालायचा. पण माझ्याशी त्याने कधी वाद घातला नाही. त्याची मुलगी माझ्या वर्गात शिकली होती. शाळेतली बाई म्हणजे खोटं न बोलणारी बाई अशी त्याची पक्की समजूत. ती मी कधी खोडून काढली नाही. कोण काढेल?

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आम्ही बाथरूममधलं जुनं बेसिन बदललं. कानसेनने त्यासाठी भिंतीतून नवा प्लास्टिकचा पाइप टाकला, टाइल्स बसवल्या, आणि जाताना बेसिनच्या वर या टोकापासून त्या टोकापर्यंत पेन्सिलीने एक सरळ आडवी रेघ मारली. नवरा बँकेत गेला होता, म्हणून निरोप माझ्याकडे दिला. नवा पाइप या रेघेमागून गेलाय, आरसा लावाल तेव्हा स्क्रू रेघेपासून चार बोटं वर घ्या, साहेबांना तेवढं सांगा आणि मग रेघ पुसून टाका. मी हो हो म्हटलं. माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. प्रश्न नीट न वाचणाऱ्या पोरांना मी त्याच वेळी लाल शाईने शून्य देत होते.

निरोप मी दिला नाही. मुद्दाम नाही, विसरले.

रविवारी मी बाजारात गेलेली असताना नवऱ्याने ड्रिल काढलं. त्याला घरातली कामं स्वतः करायची भारी हौस, आणि हात असा की घड्याळ एका अंगाला कललेलं, फळीवर चेंडू ठेवला तर तो गडगडत खाली यावा. मी परत आले तेव्हा आरसा लागलेला होता, आणि तो सरळ होता. अगदी ओळंब्यात. मी थक्क होऊन विचारलं, हे कसं जमलं? तो नुसता मिशीत हसला. सगळं श्रेय स्वतःकडे ठेवून गप्प बसणं त्याला फार आवडायचं.

पुढच्या वर्षी तो गेला. तीन दिवस छातीत दुखत होतं, चौथ्या दिवशी संपलं. मग मला त्या घरात राहायचं म्हणजे त्याच्या वाकड्या घड्याळाखाली, त्याच्या उतरत्या फळीसमोर राहायचं होतं, आणि रोज सकाळी दात घासताना त्या एकमेव सरळ आरशात बघायचं होतं. त्या आरशाचं मी काय करून ठेवलं होतं मनात, ते आता सांगायलाही लाज वाटते.

चार महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी वर आले. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल धरली होती, आणि ती माझ्याच बाथरूममधून उतरत होती यात वाद नव्हता. कानसेनला बोलावलं. पंखे बंद झाले. त्याने फरशीपासून ऐकायला सुरुवात केली आणि हळूहळू वर सरकत आरशाशी थांबला. पेन्सिल काढली. गोल अर्धा काढला आणि हात थांबवला, कारण उरलेला अर्धा आरशाखाली जात होता.

आरसा उतरवावा लागेल, तो म्हणाला. मी म्हटलं, आरशाला हात लावायचा नाही. आरसा साहेबांनी लावलेला हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण आवाज खाली आणून त्याने विचारलं, “बाई, साहेबांनी स्क्रू रेघेच्या वरच मारलेत ना? तुम्ही सांगितलं होतंत ना त्यांना?”

मला खरोखर आठवत नव्हतं. नाही आठवत म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण मला एवढंच ऐकू आलं की हा माणूस माझ्या नवऱ्याची चूक काढतोय. तो स्वतःची बाजू मांडायला आता नव्हता, आणि त्या बाथरूममध्ये उभं राहून मी कुणालाही तसं म्हणू देणार नव्हते. वर्गात एखाद्या पोराला गप्प करायचं असलं की जो आवाज लागायचा तोच लागला.

“सांगितलं होतं. चार बोटं वरच आहेत स्क्रू. तुमचं वय झालंय आता, कानाचंही होतं.”

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती.

त्याने पुन्हा सळई टेकवली. या कानाने ऐकलं, मग दुसऱ्या कानाने ऐकलं. बावीस वर्षांत मी त्याला दुसरा कान लावताना पाहिलं नव्हतं. मग त्याने अंगठ्याला थुंकी लावून अर्धा गोल पुसून टाकला आणि बेसिनच्या खाली बसला. तिथली टाइल फोडली. आतलं सिमेंट ओलं होतं, पण सांधा ठणठणीत. शेजारची फोडली, तोच प्रकार. मग तिसरी. पाणी वरून झिरपत येतंय हे तिथे बसलेल्या कुणालाही कळलं असतं, त्याला तर नक्कीच कळत होतं, पण वर आरसा होता आणि आरशाच्या बाजूने बाईंचा शब्द होता. त्याने तिन्ही सांधे उगाच नव्याने बसवले, तीन नव्या टाइल्स लावल्या, आणि चहा न घेता गेला.

आठ-दहा दिवसांनी खाली छताच्या गिलाव्याचा पोपडा सुटला. सेक्रेटरींची म्हातारी आई आंघोळ करून उठत होती, ढेकूळ तिच्या पावलावर पडलं. हाड मोडलं नाही, पण महिनाभर ती लंगडत होती आणि महिनाभर कानसेनचा उद्धार करत होती. सोसायटीची सभा भरली. त्यालाही बोलावलं. सेक्रेटरींनी मला विचारलं, नेमकं काय झालं?

मी सांगितलं की कानसेनने तीन टाइल्स फोडल्या आणि गळती सापडली नाही. यातला शब्दन् शब्द खरा होता. आरशाचा विषय मी काढला नाही. तो काढेल ही भीती मात्र होती. तो उभा राहिला आणि म्हणाला की माझं चुकलं असेल, हल्ली कानाचा भरवसा देता येत नाही. माझेच शब्द, त्याच्या तोंडून. सभेने ठरवलं की यापुढे त्याला बोलवायचं नाही. असली बातमी एका इमारतीत राहत नाही. आठवड्याभरात आजूबाजूच्या चारही इमारतींना ठाऊक झालं की कानसेनचा कान गेला.

मग गळती शोधणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला, गणवेशातला, मशीन घेऊन. आरशाला हात लावू नका असं मी त्यालाही बजावणार होते, पण मी स्वयंपाकघरात होते आणि त्याने मला विचारलंच नाही. मशीन वाजलं, त्याने पाच मिनिटांत आरसा उतरवून भिंतीला टेकवला. मी धावत आले, ओरडणार होते. समोर रेघ होती. मी पुसायची राहिलेली, जशीच्या तशी, आणि तिच्यावर बरोबर दोन स्क्रू. डावा गंजून काळा पडला होता आणि त्याच्या मुळाशी पाण्याचा थेंब धरत होता, पडत होता, पुन्हा धरत होता. स्क्रूने स्वतःच पाडलेलं भोक वर्षभर स्वतःच बुजवून धरलं होतं, आणि गंज चढला तसं सोडून दिलं.

“कुणीतरी अगदी मापात मारलाय, मॅडम,” तो माणूस म्हणाला. “पाइपच्या बरोबर मधोमध.”

नवऱ्याला वाटलं असणार की कानसेन त्याच्यासाठी सरळ रेघ आखून गेलाय, आरशाचे स्क्रू मारायला. म्हणून आरसा सरळ लागला. म्हणून तो मिशीत हसला.

त्याच दिवशी मी कानसेनकडे गेले असं लिहायला मला आवडलं असतं. मी सात महिन्यांनी गेले. तो चौकातल्या नळांच्या दुकानात कामाला लागलाय हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तेव्हापासून मी वॉशरसुद्धा दोन रस्ते पलीकडच्या दुकानातून आणत होते. आधी म्हटलं, पाय दुखतोय. मग म्हटलं, आता सांगून काय होणार? शेवटी एका दुपारी माझीच मला शिसारी आली आणि मी चपला घातल्या.

दुकानात भिंतीवर एका फळीला वीस-पंचवीस चकचकीत नळ बसवलेले होते. मागे पाइप नाही, पाणी नाही. गिऱ्हाईक आलं की कानसेनने एकेक नळ फिरवून दाखवायचा, हेच त्याचं काम. मला बघून त्याने स्टूल पुढे केलं. मी बसले नाही.

“स्क्रू रेघेवरच होते,” मी म्हटलं. “मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तुमच्याशी मी खोटं बोलले.”

त्याचा हात एका नळावर होता. तो त्याने उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

“म्हणजे पाणी आरशामागेच होतं,” तो म्हणाला. “मला तेच ऐकू आलं होतं.”

मग तो बोलत राहिला, माझ्याकडे न बघता. आमच्या सभेनंतर त्याला दोन कामं मिळाली होती, दूरच्या वस्तीत. एका घरी त्याने गोल काढला आणि पुसला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला, शेवटी घरच्या बाईने हात जोडून त्याला वाटेला लावलं. दुसऱ्या घरी पाच टाइल्स फोडल्या. त्यानंतर सळई माळ्यावर टाकली. मुलगी त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, कान उत्तम आहे, तिशीतल्या माणसाला लाजवेल असा. त्याला वाटलं, डॉक्टर पोरीचं मन राखण्यासाठी बोलतोय. कारण बाई तर उलट म्हणाल्या होत्या, आणि बाईंना खोटं बोलायचं काय कारण?

मी म्हटलं, मी आजच सगळ्यांना सांगते, सभा बोलावते, तुम्ही परत या. माझ्याच घरापासून सुरुवात करा.

“सांगा ना,” तो म्हणाला. “पण तुमच्या घरात सळई टेकवली की मी कुणाचं खरं मानायचं, बाई? भिंतीचं की तुमचं?”

तो चिडलेला नव्हता, हेच वाईट. त्याने अगदी साधेपणाने विचारलं, आणि उत्तराची वाटही बघितली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तो त्याला नळ फिरवून दाखवू लागला.

मी तशीच सेक्रेटरींच्या घरी गेले आणि दारातच, त्यांच्या आईसमोर, सगळं सांगून टाकलं. सेक्रेटरी ओशाळून म्हणाले की जाऊ द्या हो बाई, झालं गेलं, तुम्ही त्या वेळी दुःखात होता, आणि तसंही कंपनीशी आता वर्षाचा करार झालाय. म्हातारी मात्र पुढे आली.

“मग मी त्या माणसाला इतक्या शिव्या दिल्या,” ती म्हणाली, “त्या खरं तर कुणाला द्यायच्या होत्या?”

मी म्हटलं, मला. त्या तिने अजून दिलेल्या नाहीत. जिन्यात भेटली की माझ्या पिशव्या जड आहेत का विचारते, आणि गोड बोलते.